मोटारीचे वय

माणसाचे वय जन्मतारखेवरून मोजतात, झाडाचे खोडातल्या वलयांवरून. आणि बैल घ्यायला गेलेला शेतकरी आधी त्याचे दात बघतो. मोटारीचे वय कशावरून मोजावे? प्रश्न वरवर पोरकट वाटेल. गाडीच्या कागदावर साल लिहिलेले असते, ते वाचले की झाले, असे कुणीही म्हणेल. पण ज्याच्या दारात वीस-पंचवीस वर्षांची मोटार उभी आहे त्याला विचारून पाहा. तो सांगेल, कागदावरचे साल ही एक गोष्ट, मापकावरचे किलोमीटर ही दुसरी, आणि गाडी राहते कुठे ही तिसरी. या तीन हिशेबांचा मेळ क्वचितच बसतो. आज आपल्याशी या तीन वयांविषयी थोडे बोलावे म्हणतो.

हा विषय निव्वळ हौसेचा नाही. २०२३ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून ‘प्रीमियर पद्मिनी’ ही काळी-पिवळी टॅक्सी कायमची गेली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा; तेव्हा २० वर्षे भरली आणि गाडीचा धंदा संपला. तिचे इंजीन कसे होते, पत्रा कसा होता, हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारला नाही, आणि नियमाप्रमाणे विचारण्याचे कारणही नव्हते. तारीख आली, एवढे पुरे झाले. गावोगावच्या खाजगी गाड्यांनाही हाच प्रश्न आज ना उद्या भेटतो. म्हणून मोटारीचे वय मोजण्याची ही रीत कुठून आली, आणि आपल्याकडे गाडी इतकी वर्षे सांभाळण्याची सवय तरी कशी लागली, हे जरा मागे जाऊन पाहिले पाहिजे.

आपल्याकडे, म्हणजे महाराष्ट्रात, ‘जुनी गाडी’ म्हटले की जुन्या पिढीच्या डोळ्यांपुढे फियाट उभी राहते. तिची कुळकथा सोलापुरात जन्मलेल्या एका उद्योजकापासून सुरू होते. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ चा. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टी हिंदुस्थानात झाल्या पाहिजेत, असा त्यांचा ध्यास होता. मोटारीच्या कारखान्याची कल्पना सर विश्वेश्वरय्यांनी १९३० नंतरच्या दशकात मांडली होती आणि मुंबईच्या खेर मंत्रिमंडळाची तिला सहानुभूती होती. पण दिल्लीच्या परकी सरकारला तिचे अगत्य नव्हते. शेवटी १९४४ साली ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली वाहने बाहेर पडू लागली. ती अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या धाटणीची होती: डॉज, डिसोटो, प्लिमथ. भारदस्त गाड्या, आणि पेट्रोल प्यायलाही तितक्याच भारदस्त.

त्याआधी मुंबईत मोटारी नव्हत्या असे नव्हे. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता. पण तिथे परदेशातून आलेले भाग जोडले जात, इथे काही बनत नसे. स्वतंत्र भारताच्या टॅरिफ कमिशनने १९५३ साली स्पष्ट सांगितले की ज्यांना गाडी इथेच बनवण्याचा क्रम आखायचा असेल त्यांनीच राहावे. तेव्हा परदेशी जुळणीवाले निघून गेले. उरले ते मोजके: कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याची हिंदुस्तान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड, जीपसाठी मुंबईचे महिंद्र, आणि कुर्ल्याची प्रीमियर. कुर्ल्याने इटलीच्या फियाट कंपनीशी करार केला होता. १९५३ साली युरोपात अवतरलेली ‘फियाट ११००’ थोड्याच काळात कुर्ल्यात बांधली जाऊ लागली. १०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजीन, सुकाणूच्या दांड्यालाच लावलेला गिअरचा दांडा, चौघांना ऐसपैस आणि आपल्या रिवाजाप्रमाणे सात-आठ जणांना पुरेशी जागा. १९६४ साली तिचे ‘डिलाइट’ हे रूप आले आणि मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी ते उचलले. १९७४ मध्ये नाव बदलून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले. नाव बदलले, जाळी बदलली, दिवे बदलले; आतली गाडी मात्र तीच राहिली. २००० सालाच्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत ती जवळजवळ तीच होती.

वाचकहो, एकच गाडी इतकी वर्षे का चालली याचे उत्तर गाडीच्या गुणात जितके आहे तितकेच त्या काळच्या टंचाईत आहे. कारखाने थोडे, परकीय चलन थोडे, पोलाद थोडे. १९५९ साली सरकारने मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रणाचा हुकूम काढला. १९६९ साली किमतीही बांधून दिल्या. फियाटची किंमत पंधरा-सोळा हजारांच्या घरात असे, पण पैसे असून गाडी मिळत नसे. नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट बघायची. मुलाच्या बारशाला नोंदवलेली गाडी त्याच्या मुंजीला आली, असे लोक थट्टेने म्हणत. आणि ती थट्टा फारशी खोटी नव्हती. डिसेंबर १९८३ मध्ये दिल्लीत पहिल्या मारुतीच्या किल्ल्या मालकाच्या हाती पडल्या, तोवर हीच स्थिती होती.

जी वस्तू मिळायला दहा वर्षे लागतात ती माणूस पाच वर्षांत टाकून देत नाही. गाडी ही घरासारखी झाली. घराला जशी दरवर्षी डागडुजी, तशी गाडीलाही. आणि गाडीचा नमुना बदलत नसल्यामुळे दुरुस्तीची विद्याही शिळी होत नसे. बापाने ज्या गाडीवर हात बसवला, त्याच गाडीवर मुलगा शिकला. १९६५ च्या गाडीचा भाग १९८५ च्या गाडीला थोडे कानसून बसतो, हे कुठल्या पुस्तकात नव्हते. ते मिस्त्रीच्या बोटांत होते. कुर्ल्यात जन्मलेल्या गाडीचे सुटे भाग कुर्ल्याच्याच भंगार बाजारात मिळत. जन्म आणि पुनर्जन्म यांच्यामध्ये दोन-चार रस्त्यांचेच काय ते अंतर!

जगात असे उदाहरण दुसरेही आहे. क्यूबा बेटावर १९६० पासून अमेरिकेने व्यापारबंदी घातली. तेव्हापासून हवानाच्या रस्त्यांवर १९५० च्या दशकातल्या शेवरोले आणि ब्यूक गाड्या धावत राहिल्या. कुणाच्या पोटात रशियन इंजीन, कुणाला ट्रकचे ब्रेक. प्रवासी त्यांची छायाचित्रे घेतात आणि त्यांना गंमत वाटते. चालवणाऱ्याला मात्र ती गंमत नाही, तो त्याचा संसार आहे. आपल्याकडची फियाटही अशीच. तिच्याविषयी आज लोक हळवे होतात. पण ती गरजेने टिकली हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

आता दुसऱ्या वयाकडे, किलोमीटरच्या वयाकडे वळू. जुन्या गाड्यांच्या मापकात बहुधा पाचच आकडे असत. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यापासून सुरुवात! जणू गाडी बनवणाऱ्यालाच वाटले नव्हते की ही एक लाखाच्या पलीकडे जाईल. आणि मुंबईची टॅक्सी तर हा फेरा कितीदा तरी पुरा करीत असे. हे कसे साधे? तर इंजीन ‘बांधून’. सिलिंडरच्या भिंतीवर पिस्टन रात्रंदिवस घासतो. भिंत झिजते, मधली फट वाढते, तेल वर चढून जळते आणि मागून निळा धूर येतो. गॅरेजच्या भाषेत, गाडी तेल पिऊ लागली. मग इंजीन खोलायचे, सिलिंडर यंत्रावर किंचित मोठा कोरून घ्यायचा आणि मापाने मोठा पिस्टन घालायचा. दहा थाऊ, वीस थाऊ, तीस, चाळीस. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. चाळीसही संपले की आत नवी नळी, म्हणजे लायनर, ठोकायची आणि पुन्हा पहिल्या मापापासून आरंभ. तसेच क्रँकचे, तसेच व्हॉल्व्हचे. दर वेळी गाडीला नवे आयुष्य मिळते. २००० नंतर न्यायालयाच्या आदेशाने मुंबईच्या जुन्या टॅक्सींना सीएनजीवर जावे लागले, तेव्हा पन्नास वर्षांपूर्वीच्या आराखड्याच्या या इंजिनाने ते नवे अन्नही निमूट पचवले.

किलोमीटरांविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे: सगळे किलोमीटर सारखे नसतात. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ राहणाऱ्या अर्व गॉर्डन नावाच्या एका शाळामास्तराने १९६६ साली व्होल्वो कंपनीची एक मोटार घेतली. तीच गाडी चालवीत २०१३ साली त्याने ३० लाख मैलांचा टप्पा ओलांडला. म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर. पृथ्वीपासून चंद्रापर्यंत बाराहून अधिक वेळा जाता येईल एवढे हे अंतर. २०१८ साली तो वारला, तेव्हाही गाडी चालू होती. त्याचे रहस्य काय? सांगितलेल्या वेळी तेल बदलणे, पुस्तिकेत लिहिले आहे ते मुकाट करणे, आणि गाडीचा आवाज बदलला की त्याच दिवशी लक्ष देणे. पण याखेरीज एक कारण त्याच्या रोजच्या लांबच्या प्रवासात होते. तापलेले इंजीन एकसारख्या वेगाने तासन् तास चालले तर फार थोडे झिजते. खरी झीज होते ती सकाळी थंड इंजीन सुरू करताना. रात्रभरात तेल खाली उतरलेले असते. चोक ओढला की जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे उरलेसुरले तेलही धुऊन नेते. म्हणून बाजारापर्यंत जाऊन परतणारी, महिन्याला शंभर किलोमीटर फिरणारी गाडी ‘कमी चाललेली’ म्हणून तरुण समजू नये. ‘डॉक्टरची गाडी आहे, फारशी फिरलेली नाही’ असे विकणारा सांगतो तेव्हा घेणारा खूश होतो. मला मात्र वाटते, त्याने आधी तेलाची कांडी ओढून बघावी.

तिसरे वय म्हणजे जागेचे वय. आणि इथे मी आमच्या मुलखाविषयी बोलणार आहे. श्रीवर्धन तालुक्यात बोर्ली पंचतन हे बाजाराचे गाव. दिवेआगरची पुळण इथून काही मैलांवर, आणि दुसऱ्या अंगाला दिघीची खाडी. १९४८ साली विलीन होईपर्यंत हा भाग जंजिऱ्याच्या सिद्दीच्या संस्थानात होता. त्या काळी मुंबईची वाट पाण्यावरून होती. रस्ते पुढे झाले, एस. टी. आली, आणि म्हसळा, माणगावमार्गे मोटारीने मुंबई गाठण्याची सोय झाली. मुंबईत नोकरी करणाऱ्या चाकरमान्यांबरोबर मुंबईत जुन्या झालेल्या मोटारीही गावाकडे येऊ लागल्या. मालकाला निवृत्ती मिळाली की गाडीलाही गावच्या अंगणात निवृत्ती. कल्पना चांगली, पण मुंबईच्या खड्ड्यांतून आणि गर्दीतून वाचलेली गाडी इथल्या हवेत मरते.

कारण काय, ते पाहा. समुद्राच्या वाऱ्याबरोबर मिठाचे अतिसूक्ष्म कण येतात. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि एरवीही हवा ओलसर. लोखंड, ओलावा आणि मीठ एकत्र आले की गंज झपाट्याने धरतो. त्यातून फियाटची बांधणी अशी की तिला जीपसारखी वेगळी सांगाडा-चौकट नाही; पत्र्याचा सांगाडा हीच तिची हाडे. जीपचा पत्रा कुजला तर पत्रा बदलता येतो, खालची चौकट शाबूत असते. फियाटच्या दाराखालची पट्टी, फरशी किंवा मागच्या पाट्यांची बैठक कुजली म्हणजे हाडच मोडले. वरून रंग चकाकत असतो आणि आत पोकळी झालेली असते. आमच्या घरी १९८७ सालची एक पद्मिनी आहे, वडिलांच्या वेळची. तिची तपासणी करताना आमचे मिस्त्री बॉनेटकडे बघतही नाहीत. ते खाली वाकतात आणि स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातात. डॉक्टर छातीवर बोट ठोकतो ना, तसे. आवाज खणखणीत आला की पुढे. बद्द आला की खडूची खूण. एकदा मला म्हणाले, “सर, इंजिनाचं काय, इंजीन किती वेळा पण बांधता येतं. पत्र्याला दुसरा जन्म नाही.” सगळ्या विषयाचे सार या एका वाक्यात आहे, असे मला वाटते.

गंमत अशी की या प्रश्नाचे उत्तर कोकणाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. फक्त ते मोटारीसाठी शोधलेले नव्हते. पावसाळा जवळ आला की भरडखोल-दिघीचे कोळी आपल्या होड्या पाण्याबाहेर ओढतात, वर छप्पर घालून शाकारतात, आणि नारळी पौर्णिमेनंतरच समुद्रात लोटतात. घराची कौले मिरगाआधी काढून, नीट लावून घर शाकारण्याची रीतही जुनीच. नुकसान झाल्यावर दुरुस्ती असे यात नाही. नुकसानीची वेळ माहीत आहे, म्हणून आधी तयारी. मोटारीला नेमकी हीच शाकारणी हवी असते. ज्यांनी होडी सांभाळली त्यांना मोटार सांभाळणे नवे नाही.

तेव्हा समुद्रकाठी जुनी गाडी ठेवणाऱ्याने काय करावे? चार गोष्टी सांगतो. पहिली, वैशाखात गाडीचे पोट धुऊन, खरवडून, गंजविरोधक रंगाचा हात द्यावा. आणि दाराच्या खालच्या बाजूची पाणी वाहून जाण्याची बारीक भोके तारेने मोकळी करावीत. कचऱ्याने ती बुजली की दाराचे पिंप होते. दुसरी, पावसात गाडी ताडपत्रीत गच्च गुंडाळू नये. आत ओल कोंडते आणि गाडी उघड्यावर राहिली असती त्यापेक्षा लवकर कुजते. वर छप्पर, बाजू मोकळ्या, होडीसारखीच. तिसरी, पंधरा दिवसांनी एकदा तरी गाडी चांगली तापेपर्यंत, दहा-पंधरा किलोमीटर चालवावी. नुसते अंगणात उभ्या उभ्या इंजीन सुरू करून बंद करणे वाईट. जळण्यातून होणारे पाणी तेलात मिसळते ते मिसळतेच. शिवाय आता पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा ओढते आणि जुन्या रबरी नळ्यांना मऊ करते. तेव्हा टाकीत महिनोन् महिने पेट्रोल साठवू नये आणि नळ्या नव्या घालून घ्याव्यात. चौथी गोष्ट ब्रेकची. ब्रेकचे तेलही पाणी ओढते, मग आतले सिलिंडर गंजून अडकतात. दोन वर्षांनी ते तेल काढून नवे भरावे. घोणसे घाट उतरताना गाडी जुनी आहे हे कारण कुणाला सांगता येत नाही.

आणि पाचवी, खरे म्हणजे न सांगताही कळावी अशी: गाडी पुळणीवर नेऊ नये. दिवेआगरला सुटीच्या दिवशी हौशी मंडळी लाटांच्या पाण्यातून मोटारी पळवतात. चाके वाळूत रुतली तर निदान डोळ्यांना दिसते. पण पोटाखाली उडालेले खारे पाणी कुणाला दिसत नाही. दिघीहून आगरदांड्याला जंगलजेटीने गाडी नेलीत तरी पलीकडे उतरल्यावर गोड्या पाण्याने खालून धुऊन घ्यावी. एक बादली पाण्याने गाडीचे एक वर्ष वाचते, असे म्हटले तरी चालेल.

इतके सगळे बदलत गेल्यावर मूळ गाडी उरते किती, असा प्रश्न साहजिकच येतो. पिस्टन नवे, क्लच नवा, फरशीचा पत्रा नवा, रंग तर कितवा तरी. मग ही वडिलांचीच गाडी कशी? पाली भाषेतल्या ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला रथाविषयी असेच विचारतो. रथ म्हणजे आस का, चाके का, जू का, की दांडी? राजाला कबूल करावे लागते की यांपैकी एकही वस्तू रथ नव्हे. ते सारे एका विशिष्ट रीतीने जुळले म्हणजे त्या जुळणीला रथ हे नाव. नागसेनाला मनुष्याविषयी सांगायचे होते, मोटारीविषयी नव्हे. पण जुन्या गाडीच्या मालकाला हे पटकन उमजते. गाडी म्हणजे तिचा पत्रा नव्हे की इंजीन नव्हे. भाग बदलत असताना जो हिशेब अखंड राहिला तो. कोणत्या साली काय बदलले, कुणी बदलले, तेल कधी भरले, हे लिहिलेली वही ज्या घरात आहे, तिथे गाडी तीच आहे. वही नसेल तर नुसते नंबरचे पाटे तेवढे जुने. इतिहासाच्या अभ्यासात आम्ही ज्याला साधन म्हणतो, ते हेच.

आता कायद्याकडे येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे चालते. पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी ती वाढवून मिळते. या नूतनीकरणाचे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते. एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झाले, आणि २० वर्षांपुढच्या मोटारीला २०२५ साली १०,००० ठरले. दुसरीकडे २०२१ च्या नियमाने ५० वर्षांवरील गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून मानाची वेगळी नोंदणी मिळते. म्हणजे पन्नाशी गाठली की सन्मान. पण विशीपासून पन्नाशीपर्यंतची तीस वर्षे काढायची ती मालकाने आपल्या हिकमतीवर!

सरकारचे म्हणणे चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला धूर शुद्ध करणारे यंत्र नाही. तिच्या एका फेरीत जितकी घाण हवेत जाते तितकी नव्या गाडीच्या कितीतरी फेऱ्यांत जात नाही. तिला उशा नाहीत, पट्टे असले तर नावाचे. हजारो टॅक्सी दिवसभर फिरतात त्या शहरात वयाची मर्यादा घालणे समजण्यासारखे आहे. हजारो गाड्या एकेक करून ठोकून पाहायला माणसे आणायची कुठून? तारीख मोजणे सोपे, म्हणून तारीख मोजली जाते. पण सोपे माप हेच खरे माप असे मानले की दोन्हीकडून फसगत होते. ठाकठीक ठेवलेली पंचवीस वर्षांची गाडी मोडीत जाते, आणि समुद्रकाठी सात वर्षांत फरशी कुजलेली गाडी कागदावर तरुण म्हणून घाटात चालते. ब्रिटनने १९६० साली जुन्या गाड्यांची सक्तीची तपासणी सुरू केली ती दहा वर्षांच्या गाड्यांपासून. आणि १९६७ पर्यंत ती मर्यादा तीन वर्षांवर आणली. तिथला विचार असा की गाडी मोडीत काढण्याचे वय ठरवू नका, तपासायला सुरुवात करण्याचे वय ठरवा. आपल्याकडे निदान किनाऱ्यावरच्या तालुक्यांत तरी गाडीची पोटाखालची तपासणी लवकर आणि कसोशीने व्हावी. त्यात कितीतरी नव्या गाड्या नापास होतील आणि काही म्हाताऱ्या पास होतील.

शहरात गाडी नसली तर लोकल आहे, बस आहे. बोर्लीसारख्या गावी मध्यरात्री कुणाच्या छातीत कळ आली, तर ज्याच्या दारात गाडी आहे त्याचे दार वाजते. त्या वेळी कुणी साल विचारीत नाही, “चालू होईल ना?” एवढेच विचारतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, वीज गेली, वाटा बंद झाल्या. वाटा मोकळ्या झाल्यावर पाणी, औषधे आणि माणसे वाहायला जी लागली ती चालू असलेली वाहने, नवी की जुनी हा भेद न करता. म्हणून जुनी गाडी ठेवणाऱ्यावर एक जबाबदारी येते. ठेवायची तर चालती ठेवावी. अंगणात गंजत उभी असलेली गाडी ही आठवण नव्हे, अडगळ आहे. आणि जिचे हाड खरोखर मोडले तिला निरोप देण्याचे धैर्यही मालकाजवळ हवे. तिचे चांगले भाग दुसऱ्या एखाद्या गाडीच्या कामी येतील.

मला खरी काळजी वाटते ती गाडीची नव्हे, मिस्त्रीची. नव्या मोटारीत बिघाड यंत्र सांगते आणि मिस्त्री पेटी बदलतो. ते वाईट नाही. पण ठोकून, ऐकून, वास घेऊन दुखणे ओळखणारा हात एकदा गेला की परत येत नाही. जुन्या गाड्या संपतील तशी ही विद्याही संपेल. तिची टिपणे, मापे, युक्त्या कुणी लिहून ठेवलेल्या नाहीत. आपल्या गावात असा कुणी वयस्क मिस्त्री असेल तर वाचकहो, एखाद्या दुपारी वही-पेन्सिल घेऊन त्याच्याकडे जाऊन बसा. राजांच्या लढाया लिहिणारे पुष्कळ झाले. हा इतिहास अजून कोरा आहे.

मोटारीचे वय कशावरून मोजावे, या प्रश्नाला माझे उत्तर असे: कागदावरून कायदा मोजतो, मापकावरून बाजार मोजतो. मालकाने मात्र ते गाडीच्या पोटाखाली वाकून मोजावे, आणि जे दिसेल ते वहीत लिहून ठेवावे.